'आलोच' म्हणणारे शब्द
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हॉटेलात बसून पोऱ्याला हाक मारली की तो आतूनच ओरडतो, 'आलो, आलो साहेब!' व्याकरण पाहिलं तर हा चक्क भूतकाळ आहे. म्हणजे तो येऊन पोचलेला आहे. प्रत्यक्षात त्याच्या हातात दुसऱ्याच टेबलाच्या चार बश्या असतात आणि आपला चहा अजून पातेल्यातही पडलेला नसतो. आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. 'आलो' म्हणजे 'येणार आहे, थोडं थांबा' हे आपल्याला ठाऊक असतं.

असाच एक पोऱ्या सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये होता. खऱ्या लंडनमध्ये नव्हे, नाटकातल्या. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात ईस्टचीपच्या दारूगुत्त्यावर फ्रान्सिस नावाचा एक पोरगा काम करतो. राजपुत्र हॅल त्याची गंमत करायची ठरवतो. आपल्या मित्राला तो शेजारच्या खोलीत बसवून फ्रान्सिसला हाका मारायला लावतो आणि स्वतः इकडे त्याला बोलण्यात गुंतवून ठेवतो. तिकडून हाक आली की बिचारा ओरडतो, 'ॲनन, ॲनन!' आणि जागचा हलत नाही. पुढे पुढे तर राजपुत्र त्या 'ॲनन'लाच आपल्या प्रश्नाचं उत्तर समजल्याचं सोंग करतो. शेवटी दोघे एकदमच हाका मारू लागतात आणि फ्रान्सिस दोहोंच्या मध्ये खांबासारखा उभा राहतो. प्रेक्षक पोट धरून हसत असणार, कारण असा 'ॲनन'वाला पोऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता.

आता या 'ॲनन'ची जन्मकुंडली पाहा. जुन्या इंग्रजीत तो 'ऑन आन' असा दोन शब्दांचा होता. अर्थ 'एकात', म्हणजे एका झटक्यात, ताबडतोब. आपल्या 'एकदम'ची आठवण यावी अशीच त्याची घडण. त्यात उशिराला जागाच नव्हती. पण शेक्सपिअरच्या काळापर्यंत तो इतक्या फ्रान्सिसांच्या तोंडून गेला होता, की त्याचा अर्थ 'आलोच हं' असा पातळ झाला होता. पुढे तर तो रोजच्या बोलण्यातून उठलाच. आज कुणी वापरला तर तो थट्टेत किंवा जुन्या ढंगाचं लिहिताना.

इंग्रजीतल्या कालवाचक क्रियाविशेषणांची गंमत सांगायची तर इथून सुरुवात करावी लागते. आपण शाळेत ती पाठ केली. कुठलं कुठे वापरायचं याचे नियम घोकले आणि तरीही चुकलो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असताना उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले आहेत. 'स्टिल', 'येट', 'सिन्स', 'बिफोर' यांच्याभोवती लाल शाईची गोल गोल कुंपणं घातली आहेत. निवृत्तीनंतर शब्दांचे जुने इतिहास वाचायला सवड मिळाली, तेव्हा ध्यानात आलं की आपली मुलं जिथे चुकतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी इंग्रज स्वतः कधी ना कधी तसंच बोलत होते. लाल शाई थोडी जपून वापरायला हवी होती, असं आता वाटतं.

सगळ्यांत जुना मासला 'सून' या शब्दाचा. (घरातली सून नव्हे; तीही 'आलेच' म्हणते, पण तो विषय वेगळा.) जुन्या इंग्रजीत त्याचं रूप 'सोना' होतं आणि अर्थ होता तत्काळ. दहाव्या शतकात बायबलातली शुभवर्तमानं लॅटिनमधून जुन्या इंग्रजीत उतरवताना, जिथे लॅटिनमध्ये 'लगेच' अशा अर्थाचा शब्द होता तिथे 'सोना' घातलेला सापडतो. आजाऱ्याला स्पर्श झाला आणि तो 'सोना' बरा झाला. आज 'सून' म्हटलं, तर त्या आजाऱ्याला थोडे दिवस पथ्यावर राहावं लागेल.

'सून' सैल झाला तसा 'ॲनन' पुढे आला. तो सैल झाल्यावर 'बाय ॲण्ड बाय'. हा शब्दप्रयोग मुळात 'एकामागून एक, ओळीनं' अशा अर्थाचा. त्यातून 'मध्ये खंड न पडता', म्हणजे लगेच, हा अर्थ आला. आणि मग ठरल्याप्रमाणे 'लगेच'चं 'होईल सावकाश' झालं. या एका शब्दानं मात्र मोठा घोळ घातला.

इंग्लंडच्या राजा जेम्सच्या आश्रयाखाली १६११ साली बायबलचं प्रसिद्ध भाषांतर निघालं. मार्कच्या शुभवर्तमानात हेरोदिआच्या मुलीची गोष्ट आहे. नाच पाहून खूश झालेला हेरोद तिला म्हणतो, माग काय हवं ते. ती आईला विचारून येते आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शिर तबकात घालून मागते. मूळ ग्रीकमध्ये ती म्हणते, 'आत्ताच्या आत्ता'. सगळा प्रसंग त्या घाईवर उभा आहे. राजाला विचार करायला वेळ मिळाला, पाहुणे पांगले, नशा उतरली, तर शब्द फिरेल हे त्या आईला माहीत आहे. १६११ च्या भाषांतरकारांनी या ठिकाणी 'बाय ॲण्ड बाय' लिहिलं. धर्मग्रंथाला शोभेल अशा जुन्या, भारदस्त अर्थानं लिहिलं. पण शब्द खालून सरकत होता. दोनशे वर्षांनी देवळात बसलेल्या साध्या माणसाला ते ऐकून वाटणार, की मुलगी म्हणते आहे, 'मला त्याचं डोकं द्या, पण सवडीनं द्या, गडबड नाही!' क्रूर मागणीची चक्क आर्जवी मागणी झाली.

त्याच पुस्तकात येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि ते झाड तिथल्या तिथे वाळतं. तिथे शब्द आहे 'प्रेझेंटली'. त्या काळी 'प्रेझेंटली' म्हणजे या क्षणी. नंतर त्याचा अर्थ 'थोड्या वेळानं' असा झाला आणि चमत्कारातला चमत्कारच निघून गेला. झाड काय, थोड्या वेळानं कुठलंही वाळतं. अखेर सुधारित भाषांतराची समिती बसली. तिनं १८८१ साली नवा करार प्रसिद्ध केला, तेव्हा मुलीच्या तोंडी 'फोर्थविथ' आणि झाडाच्या वाट्याला 'इमिजिएटली' असे शब्द आले. विद्वानांना बायबलात हात घालावा लागला, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक छोटंसं कारण: चालढकल करणाऱ्या माणसांनी झिजवलेले शब्द.

कारण मुळाशी ते आहे. 'लगेच' हा शब्द आपण बहुधा वचन म्हणून वापरतो आणि ते वचन पाळत नाही. ऐकणारा हळूहळू शब्दावरून नव्हे तर अनुभवावरून अर्थ ठरवतो. मुलाला दहा वेळा 'आणतो हं लगेच' म्हटलं आणि आठवड्यानं खेळणं आणलं, तर त्याच्या कोशात 'लगेच' म्हणजे आठवडा. लाखो माणसांनी दोन-तीनशे वर्षं हेच केलं की तो अर्थ शब्दकोशात जातो. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे. तिथे 'डायरेक्टली' या शब्दाचा उच्चार 'ड्रेक्ली' करतात. अर्थ विचाराल तर 'होईल, कधीतरी होईल'. तिथल्या लोकांना या शब्दाचा भारी अभिमान आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजीत 'जस्ट नाऊ' म्हणजे आत्ता मुळीच नव्हे, थोड्या वेळानं, जमेल तेव्हा. त्याहून लवकर हवं असेल तर 'नाऊ नाऊ'. आपण भारतात मात्र 'जस्ट नाऊ' म्हणतो ते नुकतंच घडून गेलेल्या गोष्टीला. 'साहेब जस्ट नाऊ गेले.' आपला माणूस नोकरीसाठी जोहान्सबर्गला गेला आणि तिथल्या मिस्त्रीनं त्याला 'जस्ट नाऊ येतो' म्हणून सांगितलं, तर गडी दाराशी उभा राहून दुपार घालवणार.

'प्रेझेंटली'ची तर आणखी एक कथा आहे. विलायतेत तो 'थोड्या वेळानं' या अर्थाकडे सरकला. स्कॉटलंडात आणि अमेरिकेत मात्र 'सध्या' हा त्याचा आणखी जुना अर्थ जिवंत राहिला, आणि आपल्या कचेऱ्यांतही तोच चालतो. 'अधिकारी प्रेझेंटली रजेवर आहेत' असं पत्र मला एकदा एका कार्यालयातून आलं होतं. जुन्या वळणाचा इंग्रज ते वाचून समजेल की अधिकारी आता रजेवर निघतील, तेव्हा आजच धावत जाऊन गाठावं. मला अर्थ बरोबर कळला आणि तरीही काम झालं नाही, ही गोष्ट निराळी. 'मोमेंटरिली'चंही असंच. इंग्रज माणसाला तो 'क्षणभरापुरतं' वाटतो, अमेरिकन माणसाला 'क्षणभरात'. विमान 'मोमेंटरिली' उतरेल, अशी अमेरिकन घोषणा झाली की इंग्रज प्रवाशानं विचारावं, क्षणभरात सगळ्यांनी उतरायचं कसं? हा विनोद जुना आहे, पण ज्याला तो समजला त्याला दोन्ही अर्थ कायमचे समजले.

या सगळ्यात 'इमिजिएटली' अजून घट्ट उभा आहे, याचं मला नवल वाटतं. लॅटिनमधून आलेला शब्द. अर्थ 'मध्ये काहीही नसलेला'. कदाचित परका आणि लांबलचक असल्यामुळे तो फ्रान्सिससारख्यांच्या तोंडी फारसा बसला नाही, म्हणून वाचला असेल. हा माझा तर्क.

आता आपल्या मुलांच्या चुकांकडे वळू. 'स्टिल' आणि 'येट' यांत गोंधळ होतो, कारण मराठीत दोघांना मिळून एकच शब्द आहे, 'अजून'. 'तो अजून झोपलाय' तिथे 'स्टिल', 'तो अजून उठला नाही' तिथे 'येट'. आणि 'अजून एक पोळी वाढा' तिथे तर तिसरंच. जुन्या इंग्रजीत 'येट'चा पूर्वज हे तिन्ही अर्थ एकटाच सांभाळत होता. अजून चालू, अजून नाही आणि आणखी एक. हुबेहूब आपला 'अजून'. आजही 'येट अनदर' म्हणताना ती पोळी शिल्लक आहेच. 'स्टिल' तेव्हा या घरात नव्हता. तो होता 'स्तब्ध' या अर्थाचा शब्द, पाणी संथ असतं तसा. जे हलत नाही ते तसंच राहतं, म्हणून 'नेहमी' हा अर्थ आला. शेक्सपिअरमध्ये 'स्टिल' बरेचदा 'सदैव' या अर्थानं भेटतो. त्यातून 'अद्यापही' हा अर्थ पक्का झाला आणि मग दोघांनी घर वाटून घेतलं. चालू असलेल्या गोष्टी 'स्टिल'कडे, नकार आणि प्रश्न बहुतेक 'येट'कडे. 'स्टिल' म्हणजे मुळात न हललेला, एवढं लक्षात ठेवलं तर चूक होत नाही. झोपलेला माणूस हललेला नाही, म्हणून 'स्टिल'.

'अगो' आणि 'बिफोर' हा दुसरा खड्डा. 'मी बिफोर टू इयर्स पुण्याला आलो' असं वाक्य मी किती वेळा खोडलं त्याला गणती नाही. आपल्या 'दोन वर्षांपूर्वी'चं ते शब्दशः भाषांतर. 'अगो' हा मुळात क्रियाविशेषण नव्हताच. 'निघून जाणे' अशा अर्थाच्या एका जुन्या क्रियापदाचं ते भूतकालवाचक धातुसाधित, 'गेलेला'. 'टू इयर्स अगो' म्हणजे 'दोन वर्षं गेली'. आपणही म्हणतोच की, 'मला इथे येऊन दोन वर्षं झाली.' म्हणून 'अगो' नेहमी कालावधीच्या मागे येतो आणि आज आपण उभे आहोत तिथूनच मागे मोजतो. 'बिफोर' म्हणजे मुळात 'समोर, पुढ्यात'. त्याला मोजायला दुसरी एखादी घटना लागते. लग्नाच्या आधी दोन दिवस, गाडी सुटण्यापूर्वी. माझ्या विद्यार्थ्यांना हे कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

'सिन्स'ची कुळकथाही अशीच. मूळ अर्थ 'त्यानंतर'. ज्याच्या नंतर, तो एक ठरलेला क्षण असायला हवा. १९९५ पासून, सोमवारपासून. आपला 'पासून' मात्र उदार आहे. तो 'सोमवारपासून'ही म्हणतो आणि 'दहा वर्षांपासून'ही म्हणतो. म्हणून 'सिन्स टेन इयर्स' हे आपल्याकडचं जवळजवळ राष्ट्रीय वाक्य झालं आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या वाढल्या, त्यांनी मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून भाषा शिकली आणि चांगली शिकली. पण शेजारी ठेवलेली वाक्यं एकमेकांना चिकटतात, त्याला कुणाचा इलाज नाही.

आणि आपण हसू नये. आपला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. 'एवढ्यात' तर कहरच. 'एवढ्यात येईल तो' म्हणजे लवकरच, 'एवढ्यात दिसला नाही तो' म्हणजे अलीकडे, आणि 'एवढ्यात निघालात?' म्हणजे इतक्या लवकर. परदेशी माणसाला मराठी शिकवायची वेळ आली तर लाल शाई त्याच्या वहीत वाहील.

इथवर गंमत झाली. पण याच शब्दांवर कधी फार मोठी गोष्ट टांगलेली असते. आपल्या राज्यघटनेचा बावीसावा अनुच्छेद सांगतो की, अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणं 'ॲज सून ॲज मे बी' कळवली पाहिजेत. म्हणजे होईल तितक्या लवकर. कोठडीत बसलेल्या माणसाच्या दृष्टीनं तो 'सून' जुन्या इंग्रजीतला असावा, आजचा नसावा, हे सांगायला नकोच.

दुसरं उदाहरण घटना समितीतलं आहे. संसदेनं मंजूर केलेलं विधेयक राष्ट्रपतींना फेरविचारासाठी परत पाठवायचं असेल, तर ते किती दिवसांत पाठवावं? मसुद्यात आधी स्पष्ट आकडा होता, सहा आठवड्यांपेक्षा उशीर नको. १९४९ साली डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती मांडली की, त्याऐवजी 'ॲज सून ॲज पॉसिबल' असं लिहावं. हरि विष्णु कामत उठले. हा शब्दप्रयोग मोघम आहे, आकडाच राहू द्या, असा त्यांचा आग्रह होता. कामतांनी सरकारी नोकरीत काही वर्षं काढली होती. तिथे 'शक्य तितक्या लवकर' म्हणजे काय असतं हे त्यांना नव्यानं शिकायचं नव्हतं. सभेनं दुरुस्ती मान्य केली. राज्यपालांनी विधेयक परत पाठवण्यासंबंधीच्या दोनशेव्या अनुच्छेदातही तेच शब्द आले.

पुढची सत्तर वर्षं तो 'सून' तिथे फारसा वाद न होता पडून होता. मग राज्यपालांकडे विधेयकं अडल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२३ मध्ये तेलंगणच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, या शब्दांना घटनात्मक अर्थ आहे, ते विसरता येणार नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठानं एक महिना, तीन महिने अशा मुदतीच घालून दिल्या. म्हणजे कामतांचा आकडा वेगळ्या रूपानं परत आला. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचा सल्ला मागवला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की, घटनेनं जिथे आकडा दिलेला नाही तिथे न्यायालयानं तो घालू नये. मात्र उशीर लांबलचक असेल आणि त्याचं कारणही दिलेलं नसेल, तर निर्णय घ्या एवढं सांगता येईल. कोण बरोबर, हे ठरवायला घटनातज्ज्ञ समर्थ आहेत. मी व्याकरणाचा माणूस. मला एवढंच दिसतं की, ज्या शब्दाचा अर्थ हजार वर्षांपूर्वी 'त्या क्षणी' असा होता, त्याचा अर्थ लावायला पाच न्यायमूर्तींना बसावं लागलं, आणि इकडे वेगवेगळ्या राज्यांत विधेयकांच्या फाइली फ्रान्सिससारख्या दोन खोल्यांच्या मध्ये उभ्या होत्या.

परवा, म्हणजे मागच्या परवा, या भाषणाच्या ध्वनिमुद्रणासाठी आलो तेव्हा स्टुडिओबाहेर बसलो होतो. आतून एक जण डोकावून म्हणाला, 'सर, एवढ्यात घेतोच तुम्हाला.' मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि दोन प्रकरणं वाचून झाली.